नाकासमोर चालणारा माणूस

आमच्या खान्देशात लग्नाची बोलणी सुरू झाली, की मुलाकडची मंडळी पगाराच्या आधी एक वाक्य टाकतात : "पोरगा नाकासमोर चालणारा आहे." मग जमीन किती, नोकरी कायम की कंत्राटी, केळीला ठिबक आहे का, हे विषय निघतात. पण पहिली हमी नाकाची. मुलीकडचेही मान डोलावतात. नाकासमोर चालतो म्हणजे सरळ चालतो, यात शंका घेण्यासारखं काय आहे?

आहे. २०१० साली जर्मनीतल्या फ्रांक श्टाइनिके, गेर्ड ब्रुडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवले, त्यांना चालायला लावलं आणि मोजमाप घेतलं. निघालं ते असं : माणूस गोल फिरत असला आणि तो गोल पुरेसा मोठा असला, तर तो छातीठोकपणे सांगतो, मी सरळ चाललोय. नाक समोरच असतं. फक्त ते नाकच कुणीतरी हळूहळू वळवत असतं.

माणसाला असं वळवण्याची गरज का पडली, हे आमच्या आबांनी विज्ञानाला फार कमी वेळात समजावून सांगितलं. भाचा पुण्याहून व्हीआरचा हेडसेट घेऊन आला होता. जळगावातला दोन खोल्यांचा फ्लॅट, हॉलमधलं टीपॉय बाल्कनीत गेलं, आबांच्या डोळ्यांवर यंत्र चढलं आणि आबा एकदम घनदाट जंगलात. समोर पायवाट, लांबवर धबधबा. आबा शेतातला माणूस. पायवाट दिसली की पाय थांबत नाहीत. ते ऐटीत निघाले आणि धबधब्याच्या कितीतरी अलीकडे शोकेसला धडकले. काचा शाबूत राहिल्या. यंत्र न काढताच आबांनी विचारलं, "जंगलात कपाट कोणी ठेवलं रे?"

सगळी अडचण या एका प्रश्नात आहे. आभासी जग हवं तेवढं मोठं करता येतं, हॉल करता येत नाही. हॉलच्या भिंती बिल्डरने घातलेल्या असतात आणि बिल्डर कार्पेट एरियाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.

यावर तोडगा मांडला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल इथल्या शरीफ रझाक, झकारिया कोहन आणि मेरी व्हिटन यांनी, २००१ मध्ये. आग लागल्यावर काय करायचं याच्या कवायतीचा आभासी देखावा उभा केला आणि त्यात लोकांना चालवलं. युक्ती अशी : माणूस मान वळवतो किंवा वळण घेतो, त्या वेळी डोळ्यांसमोरचं चित्र खऱ्यापेक्षा किंचित जास्त किंवा किंचित कमी फिरवायचं. माणूस ती तफावत नकळत पायांनी भरून काढतो. असं करत करत त्याला भिंतीपासून वळवून खोलीच्या मध्यावर आणायचं, पुन्हा वळवायचं, पुन्हा आणायचं. त्याला वाटतं आपण लांबच लांब निघालोय. खरं तर तो त्याच फरश्या झिजवत असतो.

या शोधाचं सगळं श्रेय नॉर्थ कॅरोलायनाला द्यायला मात्र मी तयार नाही. तेलघाण्यावरच्या बैलाच्या डोळ्यांना झापडं बांधायची रीत आपल्याकडे कुठल्याही विद्यापीठाच्या आधीची आहे. दिवसभर चालून तो होता तिथेच असायचा, आणि संध्याकाळी दमलेला असायचा लांबच्या प्रवासासारखा. फरक एवढाच, की बैलाला काही दाखवायचा खर्च कुणी करत नसे, आणि बैलाला चालण्याबद्दल पेंड मिळे. हेडसेटवाल्याला जंगल दाखवतात आणि पैसे त्याच्याकडूनच घेतात.

आता आकडे. श्टाइनिके मंडळींच्या मोजमापानुसार, गोलाची त्रिज्या २२ मीटर किंवा त्याहून जास्त असली तर गोल फिरणाऱ्याला आपण सरळ चाललोय असंच वाटतं. म्हणजे पंचेचाळीस मीटर लांब आणि तेवढीच रुंद जागा मिळाली, की माणसाला जन्मभर सरळ चालवता येईल. परदेशातल्या लॅबना एवढी मोकळी जागा मिळवताना घाम फुटतो. आमच्याकडे हायवेला लागलं, की दर थोड्या अंतरावर एक लग्नाचं लॉन आहे. बाभळी तोडून केलेलं, कारंजं बंद असलेलं, प्रवेशद्वारावर दोन प्लास्टरचे हत्ती असलेलं. आभासी वास्तवाच्या संशोधनासाठी इतकी योग्य जागा जगात दुसरीकडे नसेल आणि लग्नाची तिथ नसली की ती रिकामीच असते.

एक हिशेब मी करून पाहिला. संत मुक्ताबाईंची पालखी दरवर्षी जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून पायी पंढरपूरला जाते. अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. पाचशेच धरू. बावीस मीटर त्रिज्येच्या गोलाचा एक फेरा होतो साधारण १३८ मीटरचा. म्हणजे लॉनच्या बाहेर पाऊल न टाकता साडेतीन हजारांवर फेरे मारले, की हेडसेटमध्ये चंद्रभागा दिसायला लागेल. हे मी एका वारकरी मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि सोबत कोण?" या प्रश्नाचं उत्तर श्टाइनिकेंच्या तक्त्यात मला सापडलं नाही.

दुसरा आकडा वळणाचा. तुम्हाला वाटतं, मी काटकोनात वळलो, म्हणजे ९० अंश. प्रत्यक्षात तुम्हाला ४९ टक्के जास्त वळवलं, म्हणजे १३४ अंश, किंवा २० टक्के कमी, म्हणजे ७२ अंश, तरी तुमच्या लक्षात येत नाही. तिसरा आकडा अंतराचा. तुम्ही चाललेलं अंतर डोळ्यांसमोर २६ टक्के वाढवून किंवा १४ टक्के घटवून दाखवलं, तरी तुम्ही चालत राहता. त्यापलीकडे गेलं की संशय येतो.

इथे मला आमच्या लोकांचा अभिमान वाटला. अंतर फुगवण्या-आकसवण्याच्या कामात खान्देश जर्मनीच्या कितीतरी पुढे आहे. धुळ्यात बसस्टँडवर उतरा आणि देवपुरातला कुठलाही पत्ता विचारा. पांझरा नदीच्या अल्याडचा माणूस पल्याडच्या पत्त्याकडे नुसता हात करून म्हणतो, "आठेच शे भाऊ, सरळ जाय." हे 'आठेच', म्हणजे 'इथेच', पाचशे मीटरही असतं आणि अडीच किलोमीटरही. जर्मनांचा माणूस सव्वीस टक्क्यांपुढे ओळखतो, आमचा पाहुणा पाचपट फरक सहन करतो, घामाघूम होऊन पोचतो आणि वर म्हणतो, "जवळच होतं, सापडलं लगेच." कारण खरं सांगितलं तर पत्ता सांगणाऱ्याचा अपमान होतो.

या प्रयोगांत प्रश्न कसा विचारतात, तेही बघण्यासारखं आहे. चालून झालं की विचारतात : तुम्हाला डावीकडे वळवलं की उजवीकडे? दोनच पर्याय. 'माहीत नाही' असं उत्तर चालत नाही. कळलं नसेल तर अंदाजाने सांगायचं. नुसत्या अंदाजाने शंभरातली पन्नास उत्तरं बरोबर येणारच, म्हणून बरोबर उत्तरं पंच्याहत्तर टक्क्यांवर गेली की समजायचं, आता याला कळायला लागलं.

परदेशात लोकांना असं उत्तर देण्यासाठी तयार करावं लागतं. खान्देशात तयारी जन्मापासून आहे. पारोळ्याच्या चौकात गाडी थांबवून पत्ता विचारा. पानटपरीवरचे चौघे उठतील. त्यांतला कुणीही 'माहीत नाही' म्हणणार नाही. पाहुणा माणूस, उन्हात थांबलेला, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? दोघे डावीकडे हात करतील, दोघे उजवीकडे. पन्नास टक्के, अगदी शास्त्रशुद्ध. मग चौघांत वाद लागेल, तुम्हाला चहा येईल, आणि पाचवा एखादा सायकलवरून उतरून म्हणेल, "ते घर पाडलं ना गेल्या साली." पंच्याहत्तर टक्क्यांच्या वरचा माणूस हा.

एवढं वळवलं जात असताना शरीराला कळत कसं नाही? कान गप्प बसतो म्हणून. आपल्या कानाच्या आत खोलवर अर्धगोल नळ्या असतात. त्यांतलं पाणी हललं की मेंदूला कळतं, आपण वळलो. पण हे पाणी झटक्याला जागं होतं. अगदी हळू वळवलं, किंवा एकाच वेगाने नेत राहिलं, तर त्याला पत्ता लागत नाही. डोळा मात्र सतत बोलत असतो. घरात जो सतत बोलतो त्याचं शेवटी सगळे ऐकतात, तसं मेंदू डोळ्याचं ऐकतो.

याचा अनुभव भुसावळ जंक्शनवर फुकट मिळतो. आपली गाडी उभी, शेजारच्या रुळावर दुसरी उभी. एकदम आपली गाडी सुटते. आपण सुस्कारा टाकतो, पाण्याची बाटली घ्यायला उतरलेले काका राहिले म्हणून हळहळतो. मग शेजारच्या गाडीचा शेवटचा डबा निघून जातो आणि आपण आपल्या फलाटावर जिथल्या तिथे. काकाही तिथेच, बाटलीच्या सुट्ट्या पैशांसाठी भांडत.

कान आणि डोळा यांचं जमेनासं झालं, की निकाल पोटात लागतो. चाळीसगाव सोडून एसटी कन्नडच्या घाटात शिरली, की वळणावळणाला कान ओरडतो 'वळलो, वळलो', आणि डोळ्यांसमोर असते पुढच्या सीटची स्थिर पाठ. मेंदूला वाटतं दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि तो दुपारची शेवभाजी परत करून टाकतो. व्हीआरमध्ये भांडण तेच, बाजू उलट्या. तिथे डोळा पळतो आणि कान सोफ्यावर बसलेला असतो. म्हणून तर बटण दाबून सरकण्यापेक्षा पायांनी चालवलेलं बरं पडतं. निदान पाय तरी डोळ्याच्या बाजूने साक्ष देतात. आबांना नंतर मळमळलं, तेव्हा आईने हेडसेटवाल्या भाच्याला काही न विचारता आबांच्या हातात आवळासुपारी दिली. निदान अचूक होतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं यंत्राचं पाप. उघड्या डोळ्यांनी, उघड्या रानात चालणारा माणूस सरळच जातो. तेही तपासून झालंय. यान सौमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात माणसांना तासन्‌तास सरळ चालायला सांगितलं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. सूर्य दिसत होता तोवर माणसं बरीच सरळ गेली. आभाळ भरून आलं की गोल फिरायला लागली, आणि त्यांतले काही तर आपलीच वाट ओलांडून पुढे गेले तरी त्यांना कळलं नाही. डोळे बांधल्यावर काही जण जेमतेम वीस मीटर व्यासाच्या गोलात फिरले. वाळवंटात रात्री चालणारा एक गडी चंद्र होता तोवर नीट गेला. चंद्र ढगाआड गेला आणि तो वळत वळत आलेल्या दिशेलाच निघाला.

आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या बाजूला हे ऐकून कुणी आश्चर्य करत नाही. रात्री केळीच्या बागेला पाणी भरायला गेलेला माणूस तासभर चालून पुन्हा त्याच चिंचेखाली आला, तर त्याला चकवा लागला म्हणतात. चकव्यावर उपायही ठरलेला : चालणं थांबव, खाली बस, उजाडेपर्यंत हलू नको. हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण लॅबमध्येही शेवटी तेच करतात. सगळ्या युक्त्या संपून माणूस भिंतीशी आलाच, तर यंत्र त्याला थांबवतं आणि जागच्या जागी फिरायला सांगतं. त्याला पूर्ण गिरकी घेतल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात तो अर्धाच फिरतो, त्याची पाठ भिंतीकडे होते आणि पुढचा प्रवास सुरू. आमच्या चकव्याला ही सोय नाही. त्याला सकाळच व्हावी लागते.

सौमनच्या प्रयोगाचा मथितार्थ एवढाच : लांबची एखादी खूण असल्याशिवाय माणसाचं नाक भरवशाचं नाही. जळगावकरांना हे पटायला वेळ लागत नाही. महापालिकेची सतरा मजली इमारत आहे म्हणून तर गावाचा कारभार चालतो. म्हणजे आत काय चालतं त्याबद्दल मी काही म्हणत नाही; मी बाहेरून दिसण्याबद्दल बोलतोय. फुले मार्केटात शिरून, तीन बोळ बदलून, चपला, रुमाल आणि प्लास्टिकच्या बादल्यांमधून बाहेर पडलेला माणूस आधी मान वर करतो. सतरा मजली दिसली की त्याला आपण कुठे आहोत ते कळतं. सहाऱ्यातल्या त्या गड्याकडे सतरा मजली असती, तर त्याच्यावर ही वेळ आली नसती.

धुळेकर यावर लगेच सुनावतात, की आम्हाला मान वर करायची गरजच नाही. यात तथ्य आहे. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला, कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला ठाणं केलं आणि नवी पेठ सरळ रेषांत आखली गेली. सरळ आग्रा रोड आणि नावं ठेवायचे कष्ट न घेता नंबर दिलेल्या गल्ल्या. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांच्याकडे आलेलं एक काम म्हणजे पांझरेच्या प्रवाहापलीकडे सायफनच्या नळाने पाणी न्यायचं. अशा गावात माणूस वाकडा चालेल कसा, असा धुळेकरांचा सवाल.

मे महिन्यात चालतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला, की गल्ली कितीही सरळ असो, माणूस सावलीने वळतो. आधी या बाजूच्या पत्र्याखाली, मग रस्ता तिरपा कापून निंबाखाली, मग रसवंतीच्या ताडपत्रीखाली, तिथून बँकेच्या एटीएममध्ये, पैसे काढायचे नसताना. वरून कुणी त्याची वाट आखली, तर नवशिक्याने काढलेली रांगोळी दिसेल. त्याला विचाराल तर तो सरळ बाजारात गेला. ब्रिग्जने रस्ता आखला, माणूस सूर्याने चालवला.

वळवण्याच्या आणखीही तऱ्हा आहेत आणि त्या जास्त लबाड आहेत. पापणी लवते तेवढ्यात चित्र दोन ते पाच अंश फिरवलं तर कळत नाही, हे २०१८ मध्ये दाखवून झालंय. त्याआधी, २०११ मध्ये, इव्हान सूमा आणि सहकाऱ्यांनी आभासी इमारतीतली दारं माणसाची पाठ वळली की गुपचूप हलवली. खोलीत शिरताना दार एका भिंतीला, बाहेर पडताना दुसऱ्या. ७७ जणांपैकी निश्चित ओळखलं एकानेच. त्या एकाबद्दल मला आदर आहे. तो बहुधा कधीतरी भाड्याच्या घरात राहिलेला असणार. भाडेकरूची प्रत्येक दारावर नजर असते.

आणि सगळ्यांत नामी तऱ्हा म्हणजे लक्ष उडवणं. माणूस भिंतीकडे चाललाय असं दिसलं, की यंत्र त्याच्यासमोर एक फुलपाखरू सोडतं. तो मान वळवून बघतो, आणि बघता बघता यंत्र सगळं जग फिरवून ठेवतं. फुलपाखरू जातं, माणूस पुन्हा 'सरळ' चालू लागतो, वेगळ्याच दिशेला.

ही तऱ्हा वाचून मला आमच्या बापूंना जर्मनीला पाठवावंसं वाटलं. बापू निवृत्त शिक्षक. संध्याकाळी कोथिंबीर आणायला निघतात. कोपऱ्यावर एक माजी विद्यार्थी पाया पडतो, म्हणून डावीकडे. तिथे अर्धा चहा. चहावाल्याकडे कळतं, केळीचा भाव पडला. मग भाव पडल्याची खात्री करायला रावेरकडच्या व्याह्यांच्या दुकानात, म्हणजे उजवीकडे. तिथे दुसरा अर्धा. दुकानासमोरून एक अंत्ययात्रा जाते. ओळखीचे नसले तरी चार पावलं जावं लागतं. परतताना भरताची हिरवी वांगी इतकी चांगली दिसतात, की न घेणं हा वांग्यांचा अपमान ठरेल. असे दीड तास, गावातल्या निम्म्या फुलपाखरांना भेटून, बापू घरी येतात. पिशवीत दोन किलो वांगी. कोथिंबीर नाही.

काकू दारात. "कुठे गेला होतात?"

बापूंना प्रयोगशाळेचे सगळे नियम लागू करून बघा. डावीकडे वळवलं की उजवीकडे, विचारून बघा. त्रिज्या मोजा, अंश मोजा, टक्के काढा. बापूंच्या चेहऱ्यावर शंकेची रेषसुद्धा नाही. "कुठे म्हणजे? सरळ मंडईत," ते चपला काढत म्हणतात, "सरळ गेलो, सरळ आलो."

काकूंनी पिशवी उघडून पाहिली. त्या ७७ मध्ये नव्हत्या, पण त्यांना सगळा रस्ता दिसला. कुठल्या वळणावर कोण भेटलं, चहा किती झाला आणि व्याह्यांकडे काय बोलणं झालं, हे त्यांनी वांग्यांवरून सांगितलं. वळवल्या जाणाऱ्याला बावीस मीटरच्या गोलातही कळत नाही; घरी बसलेल्याला एक पिशवी पुरते.